कोलोनमधल्या सात मुली आणि मी घेतलेली उजळणी

एकसष्टी कराडात आणि मी निघाले जर्मनीला, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच पटेना. "अहो मुग्धाची आई, एकसष्टी नवऱ्याची आणि तुम्ही चाललात परदेशी?" असं बायका जिन्यात गाठून विचारायच्या. मी जात होते ती मुग्धाला आणायला.

मुग्धा आमची एकुलती एक. बॉनच्या विद्यापीठात पीएच.डी. करतेय, त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत एकदाही घरी आलेली नाही. गेल्या वर्षी यांना स्टेंट टाकला तेव्हासुद्धा ती फोनवरच होती. डॉक्टरांनी यांना एवढा लांबचा प्रवास सध्या नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे बापलेकीची भेट व्हायची तर तिनेच यायला हवं. दर रविवारी फोनवर तिचं एकच, "बघते बाबा." शेवटी हे म्हणाले, "अगं, तूच जा. समोर जाऊन बस. समोर बसलेल्या आईला कोण 'बघते' म्हणतंय?"

तसं ठरलं. सप्टेंबरअखेर मी जायचं, नोव्हेंबरात दोघींनी एकाच विमानाने परत यायचं, आणि त्याच आठवड्यात एकसष्टी. मुग्धानेच दोन शेजारशेजारच्या खुर्च्या काढल्या. फक्त म्हणाली, "तोवर माझं मोजमाप संपायला हवं. आल्झो, संपेलच." हे 'आल्झो' तिच्या तोंडात नवीन होतं. आपण 'तर' म्हणतो तसं तिकडची माणसं वाक्याआधी लावतात.

मुलांकडे पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या बायकांसाठी थोडं सांगते. विम्याचा कागद आणि मुलांचं बोलावण्याचं पत्र मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा. मेतकूट, भाजणी, मसाले खुशाल न्या. दुधाचं मात्र काही नेता येत नाही. मुग्धाने आधीच बजावल्यामुळे माझे पेढे घरीच राहिले. हे लक्षात असू द्या, कारण पुढे त्या पेढ्यांवाचूनच सगळं घडलं.

माझा बाळकृष्ण मी पर्समध्ये रेशमी वस्त्रात गुंडाळून घेतला होता. मुंबईला तपासणीच्या पट्ट्यावर पर्स अडली. "ताई, आत पितळेचं काय आहे?" मी म्हटलं, "बाळकृष्ण." त्या पोराने पर्सवरचे हात मागे घेतले आणि म्हणाला, "मग तुम्हीच काढा." मी काढला, त्याने लांबून बघितला, आणि आम्ही दोघं विमानात बसलो.

फ्रँकफुर्टला मुग्धा घ्यायला आली होती. वाळली होती. मिठी मारली तर पाठीची हाडं हाताला लागली. विमानतळावरून बॉनला जलद गाडी आहे, पण ती महाग. मुग्धाने माझ्यासाठी महिन्याचा पास काढून ठेवला होता. तो जर्मनीभर साध्या गाड्यांना, ट्रामला, बसला चालतो. माइन्झला एकदा गाडी बदलावी लागते आणि वेळ बराच जातो, पण माझं ऐका, हाच रस्ता घ्या आणि बॉनकडे जाताना उजव्या खिडकीशी बसा. माइन्झ सोडलं की थोड्या वेळाने ऱ्हाइन नदी येते आणि मग सोबतच राहते. पलीकडच्या डोंगरावर द्राक्षांच्या उभ्या ओळी, मध्येच एखादा किल्ला, पाण्यात लांबलचक मालवाहू होड्या. मी मुग्धाला दाखवायला वळले तर ती बसल्या जागी झोपली होती. मग सगळे किल्ले मी एकटीनेच पाहिले.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. ती सकाळी आठला जायची. त्यानंतर घरात काय राहायचं, तर फ्रिजचा आवाज. तो थांबला की कळायचं, इतका वेळ तो चालू होता. खाली रस्त्यावरून ट्राम जायची, आत माणसं भरलेली, पण कुणी कुणाशी बोलत नसे. कराडात माझ्या दाराची बेल दिवसभरात किती वेळा वाजते हे मी कधी मोजलं नव्हतं. इथे ती वाजतच नव्हती. मी पोथी मोठ्याने वाचायला लागले. खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी आणि मराठी कानावर पडावं ही इच्छा जास्त होती.

रविवारी तर विचारू नका. दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवायची. पाणी मात्र विकत घेऊ नका, नळाचं चांगलं असतं. प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नका, दुकानातल्या यंत्रात परत दिल्या की चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. आणि ज्यांना श्रीखंडाशिवाय चैन पडत नाही त्यांनी क्वार्क नावाचा डबा आणावा. थेट चक्काच. फडक्यात बांधायचीही गरज नाही. स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात मी वेलची घालून श्रीखंड केलं, पुऱ्या तळल्या. मुग्धाने खाल्लं, "मस्त झालंय आई" म्हणाली, पण ताटाशेजारी लॅपटॉप उघडाच होता. यांनी मला तिच्या समोर बसायला पाठवलं होतं आणि समोरची जागा लॅपटॉपने आधीच धरली होती.

"येणार ना ग?" मी विचारायची.

"हो आई. मोजमाप संपलं की लगेच."

तिचं मोजमाप काय, ते एका जेवणात थोडंसं कळलं. सीरिया, इराक अशा देशांतून आलेली कितीतरी कुटुंबं इथे राहतात. घरी अरबी बोलणाऱ्या त्यांच्या वयात येणाऱ्या मुलामुलींना अन्नातलं, पोषणातलं किती कळतं, हे मोजायला अरबीत धड साधन नाही. पाकिटावरचं वाचता येतं का, साखर-मीठ ओळखता येतं का, जाहिरातीतलं खरं-खोटं कळतं का, असले प्रश्न. मुग्धा आणि तिची सहकारी लैला मिळून त्याची अरबी प्रश्नावली तयार करतायत. लैला इथेच वाढलेली, घरची अरबी, त्यामुळे मुलांशी बोलायचं काम तिचं आणि आकडेमोडीचं मुग्धाचं. बऱ्याच मुलांचं झालं होतं. कोलोनमधल्या एका केंद्रातल्या सात मुली शेवटच्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा लिहायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लिहायचं.

"म्हणजे परीक्षाच की," मी म्हटलं.

"तसंच काहीतरी," ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली.

त्यांच्या पहिल्या फेरीचा शनिवार शरदातल्या सुट्टीच्या आधीचा. इथे ऑक्टोबरात शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. मुग्धा म्हणाली, "चल, घरी एकटी काय करशील? निदान डोम, तिथलं मोठं चर्च, बघून होईल." मला कोण आनंद झाला. परीक्षेला बसणाऱ्या परक्या पोरींच्या हातावर काहीतरी प्रसाद ठेवावा असं वाटलं. पेढे तर घरी राहिलेले. मग मी आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून फळांच्या गोळ्यांचं एक पाकीट आणलं. वर संत्रं, अननस, लाल लाल रासबेरी. सकाळी वाटीत काढून, तुळस नव्हती म्हणून कुंडीतल्या बेझिलचं पान ठेवून बाळकृष्णाला नैवेद्य दाखवला आणि पुन्हा पाकिटात भरल्या.

बॉन ते कोलोन साध्या गाडीने अर्धा तास. स्टेशनमधून बाहेर पडलं की डोम एकदम अंगावरच येतं. एवढं काळं, एवढं उंच देऊळ मी पाहिलं नव्हतं. आत जायला पैसे नाहीत. मी चपला काढायला वाकले तर मुग्धाने दंड धरला. आत गार होतं आणि शेकडो माणसं असून हळू होतं. मी हात जोडले आणि मागायचं ते मागितलं. देव कुठलाही असो, मागणं मला एकच माहीत होतं. पोरगी घरी येऊ दे.

केंद्र नदीच्या पलीकडे. पुलाच्या कठड्यावर जोडप्यांनी लावलेली कुलपं, एकावर एक, इतकी की जाळी दिसत नव्हती. "किल्ल्या?" मी विचारलं. "नदीत टाकतात." एवढी चांगली कुलपं!

केंद्रात शिरता शिरता मुग्धाला माझ्या पर्समधलं पाकीट दिसलं. "आई! पोषणाच्या अभ्यासाला तू गोळ्या घेऊन आलीस?"

"प्रसाद आहे तो."

"ठेव बाई आत. सगळं झाल्यावर काय ते."

मी बाहेरच्या बाकावर बसले. काचेतून सात डोकी दिसत होती, चार रुमालातली, तीन मोकळ्या केसांची. एका मुलीने काहीतरी विचारलं तर लैलाने नुसते खांदे उडवले. मुग्धा तर मानसुद्धा हलवत नव्हती. किती कडक परीक्षक झालीय माझी लेक, मला वाटलं.

मुली बाहेर आल्या तशी मी माझ्या दहावीच्या इंग्रजीत विचारलं, "हाऊ वॉज पेपर?" आपल्याकडे शाळेच्या फाटकाशी उभी असलेली कुठलीही आई विचारेल तेच. त्या खिदळल्या. एक चौदाएक वर्षांची, चष्मेवाली, ती म्हणाली, "हार्ड, आंटी. मिठाचा प्रश्न तर फारच." ती रीम. मी पाकीट पुढे केलं. तिने गोळी घेतली नाही. पाकीट घेतलं, उलटं केलं, बोट ठेवून बारीक अक्षरातली एक ओळ वाचली आणि शांतपणे म्हणाली, "आंटी, यात डुक्कर आहे."

मला आधी कळलंच नाही. मग तिने समजावलं. गोळी लवचीक होते ती जिलेटिनमुळे, आणि हे जिलेटिन डुकराच्या कातडी-हाडांचं. तिच्या आईला तिने हे दुकानात नेहमी वाचून दाखवायचं असतं, म्हणून तो शब्द तिला लांबूनसुद्धा दिसतो.

मी मटकन बाकावर बसले. मी ते सकाळी बाळकृष्णापुढे ठेवलं होतं. रीमची आई तिथेच मुलीला न्यायला आलेली होती. तिने मला पाणी दिलं. रीमने तिला अरबीत काय झालं ते सांगितलं. तिने आधी कपाळाला हात लावला, आणि मग दोघींच्याही मनात काय आलं कोण जाणे, आम्ही एकमेकींकडे बघून हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिने पिशवीतला एक खजूर काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली.

लैला मला म्हणाली, "टांटे," म्हणजे मावशी, "आमच्यात बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात. ही उम्म रीम, म्हणजे रीमची आई." मी म्हटलं, "मग आमच्यात वेगळं काय? मी मुग्धाची आई." तेव्हापासून मी तिला रीमची आई आणि ती मला उम्म मुग्धा. बॉनला आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला हाक मारली होती.

सुट्टीतल्या पहिल्या मंगळवारी त्या मायलेकी आठवड्याचं सामान घ्यायला जाणार होत्या. "आंटी, तुम्ही पण या. तुम्हालाही वाचून दाखवते," रीम म्हणाली. पास होताच, जास्तीचा खर्च काही नव्हता. मी एकटी गाडीत बसून कोलोनला गेले, ट्रामही बरोबर पकडली. मुग्धाला सांगितलं तर ती खूश. "अरे वा, मैत्रीण मिळाली का तुला!"

दुकानात रीम पाकीट उलटं करायची, तो एक शब्द शोधायची, नसेल तर टोपलीत टाकायची. आम्ही दोघी आया खूश. त्या ओळींच्या खाली आकड्यांचा चौकोन असतो. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "ते मी बघत नाही. पेपरमध्ये तेच होतं, तेच मला आलं नाही."

आता तुम्हीच सांगा, दोन आठवड्यांनी तीच परीक्षा पुन्हा आहे, मुलगी समोर उभी आहे, पुस्तक हातात आहे. कुठली आई गप्प बसेल? मुग्धाच्या दहावीला मला भूमितीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पुस्तक हातात धरून मी तिच्याकडून सगळी प्रमेयं म्हणून घेतली होती. तसंच केलं. मी पाकीट धरायची, रीमने सांगायचं. शंभर ग्रॅममध्ये साखर किती, मीठ किती, दोन बिस्किटांतलं कुठलं बरं. यादीत जे आधी लिहिलंय ते जास्त असतं, हे तिने मला सांगितलं. साखरेला इथे किती टोपणनावं आहेत, हेही तिनेच सांगितलं. मी फक्त विचारत राहिले, "नक्की? पुन्हा सांग."

पुढच्या खेपेला तिने दोन मैत्रिणी आणल्या, मग सगळ्याच आल्या. दुकानासमोरच्या बागेत बाक होता. पानं पिवळी होऊन नुसती गळत होती. रीमची आई थर्मासमधून पुदिन्याचा चहा आणायची. मुली घरून रिकामी पाकिटं आणायच्या आणि मी तोंडी परीक्षा घ्यायची. बरोबर आलं की एक अक्रोड. "आंटी, तुम्ही आमच्या गणिताच्या बाईंपेक्षा वाईट आहात!" एक जण म्हणाली. मी म्हटलं, "अजून तुम्ही मुग्धाला विचारलं नाही." त्या दुपारी मी जर्मनीत होते असं मला वाटायचंच नाही. परतीच्या गाडीत मात्र पुन्हा सगळं गप्प व्हायचं, आणि काचेत माझंच तोंड दिसायचं.

मुग्धाला उजळणीचं बोलले नाही. निकाल लागला की सांगू, तिला केवढा आनंद होईल. सातही मुली पहिल्या वर्गात पास. मग काम संपलं, चला घरी.

सुट्टी संपल्यावर दुसरी फेरी झाली. मी गेले नव्हते, घरीच गाजराचा हलवा करून वाट बघत होते. संध्याकाळी मुग्धा आली, टेबलाशी बसून उत्तरं लॅपटॉपमध्ये भरायला लागली. भरता भरता तिच्या कपाळावर आठी आली. मला राहवेना.

"पास झाल्या ना सगळ्या?"

"काय?"

"अगं, सातही जणी. रीमचा मिठाचा प्रश्न बरोबर आला का?"

तिने लॅपटॉप मिटला. मी आल्यापासून जेवणाच्या वेळी तो पहिल्यांदा मिटला होता. "आई, मिठाचा प्रश्न तुला कसा माहीत?"

मी सांगितलं. कौतुकाने सांगितलं, अक्रोडासकट. सांगता सांगता तिचा चेहरा बघून माझा आवाज आपोआप बारीक होत गेला.

"आई," ती म्हणाली, "आम्ही मुलींना मोजत नव्हतो गं. आम्ही प्रश्नावलीला मोजत होतो. वाण्याचा काटा बरोबर आहे का ते बघायला तू काय करशील? तीच पिशवी दोनदा ठेवशील. दोन्ही वेळा वजन तेच यायला हवं. आणि तू मधल्या वेळात पिशवीत गूळ भरलास."

"मग आता?"

"या सातजणी धरता येणार नाहीत. दुसरा गट शोधायचा, पुन्हा दोनदा."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला. मग म्हणाली, "तू विचारलं होतंस. परीक्षा का, म्हणून. मी 'तसंच काहीतरी' म्हटलं."

लैलाला फोन केला तर ती पलीकडून मोठ्याने हसली. "टांटेने एक गोष्ट तर सिद्ध केली! शिकवलं की फरक पडतो आणि आपल्या प्रश्नावलीला तो दिसतो." "गेनाऊ," मुग्धा म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. पण ती हसली नाही.

ब्राउनश्वाइग म्हणून लांब एक गाव आहे, तिथल्या एका केंद्राने होकार दिला. पहिल्या फेरीसाठी त्यांना जमणारा दिवस एकच होता, आणि तो नेमका एकसष्टीचा निघाला. डिसेंबरअखेर तिची विद्यापीठातल्या नोकरीची मुदत संपते, तेव्हा पुढे ढकलणं नाही. आणि गुरुजींनी काढलेली तिथी आपल्या हातात नाही. मुग्धाने माझ्यासमोरच तिची खुर्ची रद्द केली. शेजारची माझी तेवढी राहिली.

यांना मी सांगेन असं मीच म्हटलं. फोनवर यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण पोरींना आलं का सगळं?"

"आलं हो. सगळं आलं."

"मग झालं तर." पुढे म्हणाले, "तिला रागावू नकोस. आणि स्वतःलाही नको. म्हणावं, एकसष्टी झाली की बासष्टी येतेच." फोन ठेवताना यांचा आवाज घोगरा झाला होता. खोकल्याचं निमित्त केलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मुग्धा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखी जायची, यायची, "छान झालंय" म्हणायची. घरच्या माणसावर ओरडतात, पाहुण्यावर नाही, हे मला राहून राहून आठवायचं. हिवाळ्यासाठी तिकडे सगळी घड्याळं तासभर मागे करतात, तेव्हापासून दिवस पाच वाजताच संपायचा. मी पोथी मनातल्या मनात वाचायला लागले.

निघायच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, "चल, नदीवर जाऊ." बॉनला जाल तर ऱ्हाइनच्या काठाने चालायचा रस्ता चुकवू नका. दुतर्फा झाडं आहेत, बाकं आहेत, आणि एक पैसा लागत नाही. आम्ही बरंच चाललो. तिच्या खांद्याला पिशवी नव्हती, लॅपटॉप घरी ठेवला होता. एका बाकावर बसलो. दशम्या आणल्या होत्या त्या काढल्या.

"भूमितीच्या वेळी तुला काही कळायचं नाही," ती एकदम म्हणाली, "तरी मी चुकले की पकडायचीस. कसं गं?"

"तुझा आवाज बदलायचा."

ती हसली. मग हसता हसता तोंडावर हात धरला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. "बाबा कसे दिसतात आता? फोनवर खरं दिसत नाही."

"केस पांढरे झालेत. चालताना आधी दाराला हात लावतात."

"येते मी. नक्की येते."

या वेळी ती 'बघते' म्हणाली नाही. एवढंच मी पदरात बांधलं. समोरून एक मालवाहू होडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडेच बघत बसलो.

रीमच्या आईचा निरोप घ्यायला कोलोनला गेले. रीम गोरीमोरी होऊन उभी. "आंटी, आम्ही नापास झालो का? लैला म्हणाली आमचे पेपर धरणार नाहीत."

"नाही गं. तुम्ही सगळ्या फर्स्ट क्लास. चूक आंटीची." तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. रीमच्या आईने मामूलचा डबा दिला, रव्याच्या पारीत खजुराचं सारण भरून भाजतात ते. डब्यावर रीमने स्वतःच्या अक्षरात चिकटवलं होतं, अगदी पाकिटावर असतं तसं, जास्त असेल ते आधी: रवा, खजूर, तूप, साखर, गुलाबपाणी. खाली रेघ मारून, 'अंडं नाही, जिलेटिन नाही'. तिची आई आणि मी एकमेकींच्या भाषेतलं नावापलीकडे काही शिकलो नव्हतो. ट्राम वळेपर्यंत ती हात हलवत होती.

विमानात माझ्या शेजारी एक गृहस्थ आले. चांगले होते बिचारे, माझी बॅग वर ठेवली. तरी मुंबई येईपर्यंत मी दोन खुर्च्यांच्या मधल्या हातावर हात ठेवला नाही.

कराडला एकसष्टी झाली. सकाळी होम, दुपारी पंगत. देवापुढे मी मामूल ठेवले. डब्यावरचं आधी वाचलं, एकेक शब्द, मग नैवेद्य दाखवला. बाळकृष्णाची माझ्याकडे एवढी बाकी होती.

संध्याकाळी यांना पाटावर बसवलं, ताम्हनात एकसष्ट दिवे लावले. मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिच्याकडे भरदुपार होती. मी फोन तांब्याला टेकवून यांच्यासमोर ठेवला. ती ब्राउनश्वाइगच्या केंद्रात एका बोळात उभी होती. पाठीमागे काचेचं दार, आणि दारापलीकडे धूसर अशा वाकलेल्या माना. तिने आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," मी खोलीतल्या सगळ्यांना म्हटलं, "तिकडे पोरी लिहितायत."

घर भरलेलं होतं, वीस-पंचवीस माणसं. सगळी गप्प झाली. मी दिवे ओवाळले, गुरुजींनीसुद्धा मंत्र पुटपुटतच म्हटले. हे फोनकडे बघत होते. मुग्धा बघत होती. आवाज नव्हता म्हणूनच असेल, दोघांनाही एकमेकांवरून नजर काढावी लागली नाही. मग पाठीमागचं दार उघडलं, मुली बाहेर यायला लागल्या, आणि तिने घाईघाईने दोन्ही हात जोडून बाबांना नमस्कार केला.

"झालं गं आई," ती म्हणाली.

पेपर कसा गेला, ते मी विचारलं नाही.